डुलकी

बेबीनं चाळिशी ओलांडली होती, तिच्या हाताखाली आठ-दहा माणसं कामाला होती, तरी आईबाबांच्या घरात ती बेबीच. आणि बेबीला सगळं कळतं, हा त्या घरातला जुना समज. बाबांच्या मोबाइलचा आवाज गेला की विचारा बेबीला, विजेचं बिल जास्त आलं की विचारा बेबीला. समज कुणी करून दिला ते आठवत नाही, पण बेबीनं तो कधी खोडून काढला नाही हे मात्र खरं. कुणाला आवडत नाही असं काही आपल्याबद्दल ऐकायला?

तिची नोकरीही त्याच वळणाची. एका मोठ्या कंपनीच्या मदतकेंद्रात ती बसायची. दिवसभर लोकांचे फोन. कुणाचा प्रिंटर रुसलेला, कुणाच्या कॉम्प्युटरला भूत लागलेलं, कुणाची स्क्रीन डोळा मारते. त्या सगळ्या पाल्हाळातून एक नेमका शब्द उचलायचा आणि समोरच्या रकान्यात टाकायचा: हँग, स्लो, क्रॅश. शब्द रकान्यात पडला की त्यावरचे उपाय आपोआप पुढ्यात यायचे. नव्यानं लागलेल्या पोरांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, लोक काय बोलतात ते ऐकत बसू नका, त्यांना काय म्हणायचंय ते ओळखा. वाक्य चटपटीत होतं. साहेबांनाही आवडलं होतं. पुढे ते तिला केवढ्याला पडणार आहे हे तेव्हा ना साहेबांना ठाऊक होतं ना तिला.

बाबांचा घसा बरेच दिवस बसलेला होता. आयुष्यभर ते गाडी शिकवत आले. शेजारच्या सीटवर बसून, हात गुडघ्यावर ठेवून, "सावकाश, क्लच सोड, घाबरू नकोस, मी आहे," एवढंच म्हणायचे, आणि थरथरणारी माणसं त्या आवाजाच्या भरवशावर भर रस्त्यात गाडी काढायची. शिकाऊ माणसानं गाडी पदपथावर चढवली तरी त्या आवाजाची पट्टी बदलली नव्हती. बेबी स्वतः त्यांच्याकडेच शिकली होती. घसा काही सुटेना तेव्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेला महिनाभराचा अवकाश होता.

त्याच दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्राम असतो. माणसानं आवाज असेपर्यंत त्यात वाक्यं वाचून ठेवायची. पुरेशी वाक्यं झाली की त्यावरून प्रोग्राम त्या माणसाचा आवाज तयार करतो, आणि मग पुढे तो जे टाइप करेल ते त्याच्याच आवाजात बोललं जातं. अगदी हुबेहूब नाही, पण घरच्यांना ओळखू येईल इतपत नक्की. मात्र घाई करा, बाई म्हणाल्या, आवाज दिवसेंदिवस उतरत जाईल.

बेबीनं दुसऱ्याच दिवशी नवा कोरा लॅपटॉप घेतला. घरातला जुना कॉम्प्युटर असल्या कामाला म्हणजे आनंदच होता. आतल्या खोलीत टेबल मांडलं, आवाज घुमू नये म्हणून दाराला गोधडी टांगली, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक नको म्हणून त्याचा सेल काढून ठेवला. बाबांपुढे माइक. त्यांच्या शेजारी, लॅपटॉपपुढे, आई. वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरात यायचं, आईनं बटण दाबायचं, बाबांनी वाचायचं, आईनं पुढचं वाक्य आणायचं. वाक्यांचे पाठ पाडलेले होते. अट एकच, पाठ सुरू केला की एका दमात संपवायचा. मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात. हे सगळं लावून, समजावून बेबी आपल्या गावी परतली. नोकरी होती, दर रविवारी ती येणार होती.

पहिले दोन दिवस घरात मजाच चालली होती म्हणे. वाक्यं कुणी लिहिली होती कोण जाणे. "कृपया मला थोडं पाणी द्या," असं वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, लग्न झाल्यापासून मी हिला कृपया म्हटलेलं नाही, आता आवाज गेल्यावर सभ्य होणार वाटतं. आई हसली आणि त्यांचं बोलणं वाक्यात रेकॉर्ड झालं, म्हणून तो पाठ पुन्हा करावा लागला.

आईबद्दल सांगायला हवं. ती एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. साहेबांनी बोलावं आणि आईनं उतरवावं, यात तिची हयात गेली. साहेब चुकीचा शब्द बोलले तरी ती तो तसाच टाइप करायची. शब्द बदलणं आपलं काम नाही, असं ती अभिमानानं सांगायची. त्या नोकरीनं पेन्शन दिली आणि मनगटं घेतली. डावं मनगट तर फारच कुरकुरायचं. त्यासाठी बेबीनं मागच्या वर्षी ऑफिसजवळच्या दुकानातून एक चुंबकाचं कडं आणून दिलं होतं. त्यानं दुखणं कमी होत होतं की नाही हे देवालाच ठाऊक, पण लेकीनं दिलंय म्हणून आईनं ते हातातून काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. बेबी डबा खात होती.

"बेबी, हा मध्येच डुलकी काढतो गं. पडदा काळा होतो. जरा थांबलं, एखादं बटण दाबलं की जागा होतो, पण तोवर पाठ गेलेला असतो."

"आई, मशीन डुलकी काढत नसतं," बेबी हसत म्हणाली. "क्रॅश होतो म्हण."

"क्रॅश?"

"हो, क्रॅश. असंच सांगायचं, म्हणजे मला लगेच कळेल."

आईनं शब्द दोनदा म्हणून घेतला. आणि दुसऱ्या दिवशीपासून, जशी तिची सवय, ती दिलेला शब्द जसाच्या तसा उतरवू लागली. आज दोनदा क्रॅश झाला. आज पाठ संपता संपता क्रॅश झाला. जागं होणं, बटण दाबणं यांचं नावही तिनं पुन्हा काढलं नाही. साहेबांनी शब्द दिला होता, विषय संपला.

मग सुरू झालं उंटावरून शेळ्या हाकणं. रोज डब्याच्या सुट्टीत बेबी फोनवरून उपाय सांगायची आणि आई ते करायची. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू कर. चार्जर काढून बघ. अमुक जागी जा, तमुक अपडेट कर. आईनं सगळं बिनचूक केलं, आणि लॅपटॉप तसाच. कधी एखादा पाठ अलगद पार पडायचा, कधी तीन तीन वेळा तुटायचा. बाबा पुन्हा पहिल्या वाक्याशी यायचे. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा थोडा जास्त खरखरायचा.

रविवारी बेबी आली आणि स्वतः लॅपटॉपपुढे बसली. आई स्वयंपाकाला लागली. लॅपटॉप दिवसभर शहाण्यासारखा वागला. चार पाठ झाले. डॉक्टरांपुढे ताप उतरावा तसला प्रकार. बेबीनं त्यातून जो निष्कर्ष काढला, तो तिच्या धंद्यातल्या कुणीही काढला असता. मशीन माझ्यापुढे चालतं, हिच्यापुढे चालत नाही, म्हणजे हीच काहीतरी करते.

"तू नक्की काहीतरी दाबतेस, आई," ती निघताना म्हणाली. आवाज चढलेला होता. "नको तिथे हात लावत जाऊ नकोस. बाबांचा घसा चाललाय आणि आपण एकेक पाठ चारदा करतोय."

बाबाच म्हणाले की तिला कशाला रागावतेस, तिच्या बोटांनी आजवर एक अक्षर चुकवलेलं नाही. पण आईनं ते मनाला लावून घेतलं. सोमवारपासून ती फक्त उजव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबू लागली. डावा हात चुकून कुठे जाऊ नये म्हणून तो तिनं लॅपटॉपच्या कडेवर, पाठ संपेपर्यंत, पट्टी ठेवावी तसा गच्च दाबून ठेवायला सुरुवात केली. आणि त्या आठवड्यात एकही पाठ पुरा होईना.

शेवटी बेबीनं लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे तिच्यासारखंच कुणीतरी बसलेलं. काय होतंय विचारल्यावर तिनं पाल्हाळ लावलं नाही. "क्रॅश होतोय, वारंवार," एवढंच सांगितलं. मॅडमना नेमकं सांगता येतं, असं पलीकडचा मुलगा कौतुकानं म्हणाला आणि त्याच्या रकान्यात तो शब्द पडला. मग क्रॅशचे उपाय आले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं ते एकेक औषध पखालीला पाजणं झालं. शेवटचा उपाय होता लॅपटॉप पुसून, दुकानातून आला तसा कोरा करणं. तुमचं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलंय ना, असं त्यानं विचारलंही. बेबी हो म्हणाली. पुरा झालेला पाठ प्रोग्राम त्याच क्षणी आपल्याकडे पाठवून ठेवतो, म्हणजे आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, अशी तिची समजूत होती. असे सगळेच प्रोग्राम हल्ली करतात. हा करत नव्हता. सगळे पाठ झाल्यावर तो एकदम पाठवणार होता, तोवर सगळं लॅपटॉपच्या पोटात होतं. तसं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, पण पहिलं पान बेबीसारखी माणसं वाचत नाहीत.

पुढच्या रविवारी बाबा पलीकडच्या खोलीत पडले होते तेव्हा तिनं ते काम उरकलं. प्रोग्राम पुन्हा घातला, उघडला. पाठ एक, वाक्य एक. तिनं बंद करून पुन्हा उघडला. पाठ एक, वाक्य एक. अर्ध्याच्या वर झालं होतं. चांगल्या आवाजातले ते पहिले दिवस, "थोडं पाणी द्या," सगळं गेलं होतं. बेबी खुर्चीवर बसून राहिली.

बाबा दारात आले. तिचा चेहरा बघून काय झालं ते त्यांना न सांगता कळलं असावं. त्यांनी खुर्ची ओढली, माइक सरळ केला आणि घोगऱ्या, निम्म्या हवेच्या आवाजात म्हणाले, "गाडी बंद पडली म्हणून कुणी रस्त्यात रडत बसतं का? टाक पहिला गिअर."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पण आता वाक्य मध्येच विरायचं, खोकला यायचा. प्रोग्राम म्हणायचा, आवाज स्पष्ट नाही, पुन्हा वाचा. ते पुन्हा वाचायचे. बेबीनं रजा टाकली आणि लॅपटॉपपुढे स्वतः बसली, त्यामुळे तो एकदाही बंद पडला नाही, पण आता त्याचा काय उपयोग. वरातीमागून घोडं. तेवढ्यात डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रिया अलीकडे ओढली. जे थोडे पाठ झाले होते ते पुरेसे नव्हते. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की आता तयार आवाजांतला एखादा निवडा, चांगले असतात. बेबीनं त्यातले सगळे ऐकले. सगळे बातम्या देणाऱ्या माणसाचे होते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. बाबा घरी आले, गळ्यावर पट्टी, चेहऱ्यावर हसू. बोलायचं असलं की ते हात करायचे, नाहीतर पाटीवर लिहायचे. ते झोपलेले असताना एका दुपारी बेबी टेबलाशी बसून तो तयार आवाज लॅपटॉपमध्ये घालत होती. आई चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली आणि तोल सावरायला तिनं डावा हात लॅपटॉपच्या कडेवर टेकला. पडदा काळा झाला.

"क्रॅश झाला," आई पटकन हात मागे घेत म्हणाली. "मी काही दाबलं नाही हं."

बेबीनं एक बटण दाबलं. पडदा उजळला. तिनं अर्धवट लिहिलेला शब्द जिथल्या तिथे होता. काहीच गेलेलं नव्हतं. क्रॅश झालेलं मशीन असं डोळे उघडत नाही, ते पहिल्यापासून सुरू होतं. हा फरक बेबीला मीठ आणि साखरेइतका ठाऊक होता. रोज ती तो दुसऱ्यांना शिकवत होती.

तिनं आईचा हात धरला आणि परत त्याच जागी ठेवला. पडदा काळा. उचलला, बटण दाबलं, उजेड. पुन्हा ठेवला, पुन्हा काळा. कड्याचं चुंबक आणि लॅपटॉपची डावी कड. झाकण मिटलं की झोपायचं, हे लॅपटॉपला कळतं ते झाकणातल्या एका लहानशा चुंबकामुळे. आईचा हात टेकला की त्याला वाटे झाकण मिटलं. मग तो मुकाट्यानं झोपी जाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फक्त ह्या वळशात बाबांचा आवाज सांडला होता.

आई खुळी नव्हती. ती आपल्या मनगटाकडे बघत होती.

"म्हणजे माझ्या हातानं गेला," ती म्हणाली.

"तुझ्या हातानं नाही. माझ्या कानानं गेला." बेबी म्हणाली. "तू पहिल्याच फोनला बरोबर सांगितलं होतंस. डुलकी काढतो म्हणाली होतीस. जागा होतो म्हणाली होतीस. मी तेवढंच ऐकलं असतं, तरी पाच मिनिटांचं काम होतं."

आईनं चहाचा कप तिच्याकडे थोडा सरकवला. "मला वाटायचं, झोपतोच आहे हा," ती म्हणाली. "पण तू क्रॅश म्हणालीस. म्हटलं, तिला कळत असेल."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बेबीला बरं वाटलं असतं. आईनं कडं ओढून काढायला बघितलं, पण मनगट सुजलेलं होतं, ते निघेना. बेबीनं साबण आणून, हात चोळून ते हळूच उतरवलं. मग दोघींनी ठरवलं की बाबांना हे सांगायचं नाही, आणि ते ठरवत असतानाच दोघींनाही कळत होतं की सांगितलं असतं तरी ते रागावले नसते. ते रागावले असते तर फार सोपं झालं असतं. बेबी चहा न पिता तशीच बसून राहिली. लोकांना काय म्हणायचंय ते ओळखता ओळखता लोक काय म्हणतात ते ऐकणंच आपण कधी सोडलं, याचा ती विचार करत होती, आणि तो दिवस काही तिला सापडेना. सगळ्यात जास्त लागलं ते एकच. आईकडे तिचा स्वतःचा शब्द होता, चांगला, खरा शब्द, आणि तो आपण हसत हसत तिच्या तोंडातून काढून घेतला.

संध्याकाळी लॅपटॉप बाबांच्या पलंगाशेजारी लावून दिला. टाइप कसं करायचं, बोलायला कुठलं बटण दाबायचं, हे बेबीनं दाखवलं. गाडीचं स्टिअरिंग आयुष्यभर सहज फिरवलेला माणूस एकेक अक्षर शोधत होता. त्यांनी हातानंच तिला जा म्हणून खुणावलं, मी बघतो. बेबी स्वयंपाकघरात येऊन आईशेजारी भाजी निवडायला बसली. नळ बारीक सोडलेला होता, आई भांडी विसळत होती.

थोड्या वेळानं आतल्या खोलीतून आवाज आला. भरदार, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा पुरुषी आवाज.

"अगं."

आई भांडी विसळत राहिली. तिचे कान चांगले होते. साहेबांचं पुटपुटणं खोलीच्या त्या टोकाहून टिपलेले कान. आवाज पुन्हा आला, त्याच पट्टीत, तितकाच स्वच्छ.

"अगं, ऐकतेस का?"

बेबीनं आईकडे पाहिलं. आईच्या पाठीत जराही हालचाल झाली नाही. तिनं ताट पुसलं, मांडणीवर लावलं, दुसरं हातात घेतलं. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा ती मागे न बघता किंचित वैतागून म्हणाली, "बेबी, तो टीव्ही जरा बारीक कर गं. त्यांची झोप मोडेल."

बेबीच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"टीव्ही नाही, आई," ती म्हणाली. "बाबा हाक मारतायत तुला."